नवीन बाइक शिकलेल्याने मोटोव्लॉग करावा का?

हाफक्लच

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लायसन्स नुकतंच हातात आलंय, गाडी पण नवीन आहे, लहान इंजिनची, रोजच्या जाण्यायेण्याला पुरेल अशी. आता गंमत अशी की गाडी शिकायच्या आधीपासून मी मोटोव्लॉग बघतोय, खरं सांगायचं तर गाडी घ्यायची हौसच त्या व्हिडिओंमुळे आली. हेल्मेटवर कॅमेरा, माणूस आपला गप्पा मारत चाललाय, रस्ता मागे पळतोय, मध्येच कुणीतरी आडवं येतं, हा दोन शब्द सुनावतो आणि पुढे, भारी वाटतं राव ते. तर मला पण करायचंय. मोठं चॅनल वगैरे डोक्यात नाहीये, "आज पहिल्यांदा हायवेला गेलो", "आज पावसात चालवली" अशा टाइपचं, म्हणजे शिकता शिकता रेकॉर्ड होत राहील आणि माझ्यासारख्या दुसऱ्या नवीन लोकांना पण बघता येईल.

घरी दादाला सांगितलं तर तो म्हणे आधी गाडी नीट हातात बसू दे, मग कॅमेऱ्याचे चोचले कर. त्याचं पटतंय थोडंफार. पण गाडी हातात बसल्यावर मग नवशिक्याचा व्लॉग कसला, ती वेळ तर निघून गेलेली असणार ना.

तुम्हाला काय वाटतं? तुम्ही असले व्हिडिओ बघता का, आणि बघताना नक्की काय डोक्यात जातं? बोलत बोलत चालवणं खरंच एवढं धोक्याचं आहे की सवयीचा भाग आहे? शिव्या चालतील, फक्त कारण सांगून घाला.

सायलेन्सर_काका

कारण सांगूनच घालतो. तुझा दादा बरोबर आहे.

नवीन माणसाचं डोकं गाडीवर बसल्या बसल्या भरलेलं असतं. क्लच किती सोडायचा, आत्ता कुठल्या गिअरला आहे, इंडिकेटर बंद केला का (बहुतेक बाइकचा आपोआप बंद होत नाही, नवशिक्यांचा तर वळून गेल्यावर पण लुकलुकत असतो), आरशात काय दिसतंय, पुढचा कशासाठी ब्रेक मारतोय. जुन्या माणसाचं यातलं निम्मं काम हातपाय परस्पर उरकतात, म्हणून त्याला बोलायला डोकं मोकळं मिळतं. आणि तो सुद्धा सलग बोलत नाही बरं का. चांगल्या व्लॉगरचं न कापलेलं रेकॉर्डिंग बघायला मिळालं तर बघ, चौक आला की गप्प, ओव्हरटेक करताना गप्प, वाक्य अर्धं सोडून देतो आणि दोन मिनिटांनी "हां तर काय सांगत होतो" म्हणतो. ते गप्प तुकडे एडिटिंगमध्ये उडवतात म्हणून तुला वाटतं की हा अखंड गप्पा मारत चाललाय.

एक जुना अभ्यास आहे, हर्ट रिपोर्ट म्हणतात त्याला, १९८१ चा. हॅरी हर्ट आणि त्यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातले ९०० बाइकचे अपघात जागेवर जाऊन तपासले, शिवाय पोलिसांचे ३६०० रिपोर्ट चाळले. जुना आहे, तेव्हाच्या गाड्यांना एबीएस वगैरे काही नव्हतं, पण माणूस तोच आहे. त्यात दिसलं काय तर अपघातातल्या अर्ध्याहून जास्त लोकांना त्या गाडीवर पाच महिने सुद्धा झाले नव्हते, जरी एकूण रस्त्यावरचा अनुभव सरासरी तीनेक वर्षांचा होता तरी. म्हणजे गाडी नवीन असणं हाच एक धोका, तू तर गाडीला पण नवीन आणि रस्त्याला पण नवीन. ९२ टक्के लोक आपलं आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. आणि मला कायम लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत रायडरला साधारण दोन सेकंदांपेक्षा पण कमी वेळ मिळाला होता. त्या दोन सेकंदात बहुतेकांनी काय केलं, तर मागचा ब्रेक दाबून चाक लॉक केलं, पुढचा पुरेसा दाबलाच नाही, आणि हँडलला धक्का देऊन गाडी बाजूला काढणं तर जवळपास कुणालाच जमलं नाही.

आता त्या दोन सेकंदातला एक सेकंद तू वाक्य पूर्ण करण्यात घालवलास तर ६० च्या स्पीडला सतरा मीटर गेले, काही न करता. तेव्हा आधी पुढचा ब्रेक दाबायला शीक, मोकळ्या मैदानात, रोज. व्लॉग पळून जात नाही.

ती_चालवते

काकांचं सगळं खरं पण मी दुसरी बाजू मांडते, कारण मी गाडी शिकत होते तेव्हा मला खरा उपयोग नवशिक्यांच्या व्हिडिओंचाच झाला. मुरलेल्या रायडर लोकांचे व्हिडिओ बघून काही म्हणजे काही कळायचं नाही. ते म्हणणार "मग हळूच क्लच सोडायचा आणि निघायचं". हो पण हळूच म्हणजे किती? त्यांना आता आठवतच नाही की त्यात अवघड काय होतं.

एक व्हिडिओ अजून डोळ्यासमोर आहे. एक मुलगी, चढावर सिग्नलला थांबलीये, मागे गाड्यांची रांग. कॅमेरा हनुवटीला लावलेला त्यामुळे दोन्ही हात आणि टाकीचा वरचा भाग दिसतोय. सिग्नल सुटतो, ही पुढचा ब्रेक धरून बसलीये, त्याच हाताने अ‍ॅक्सिलरेटर द्यायला बघतेय, गाडी बंद. परत स्टार्ट, परत तेच, मागून हॉर्न सुरू. तिसऱ्या वेळेला ती थांबते, मोठ्याने श्वास घेते (माइकमध्ये ऐकू येतो) आणि डावा पाय जमिनीवर रोवून उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवते, मग उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरला मोकळा, क्लच सोडत आणते, इंजिनचा आवाज थोडा दबतो, पुढचा भाग जरासा उचलल्यासारखा होतो, तिथेच क्लच धरून ठेवते आणि मग मागचा ब्रेक सोडते. निघाली. एक शब्द बोलली नाही त्या सगळ्यात! आणि तेवढं बघून मला चढावर गाडी काढायची कशी ते समजलं, जे मला शिकवणाऱ्या माणसाला आठवडाभर समजावता आलं नव्हतं, तो आपला "ताई घाबरू नका, घाबरू नका" एवढंच.

त्यामुळे नवशिक्याने करूच नये हे मला मान्य नाही. फक्त शिकवायला जाऊ नये. "मला हे असं झालं" इतकंच दाखवावं. डोक्यात जातं ते लायसन्स कालपरवा मिळालेलं आणि व्हिडिओचं नाव "कॉर्नरिंगच्या पाच ट्रिक्स". बाबा रे, तुलाच अजून वळणावर मान वळवून पुढे बघता येत नाहीये, तुझा कॅमेरा हेल्मेटवरच आहे ना, तो सरळ पुढच्या खड्ड्याकडे बघतोय हे आम्हाला पण दिसतंय.

बिनघाईचा

कॉर्नरिंगच्या पाच ट्रिक्स 😂😂 मी बघितलाय असा एक, तिसऱ्या ट्रिकला पठ्ठ्या समोरच्या लेनमध्ये.

कुठला कॅमेरा घ्यावा ते पण सांगा कुणीतरी, मला पण घ्यायचाय.

आवाज_कमी

मी ऑडिओ-व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो, बाइक पण चालवतो, त्यामुळे दोन्हीकडून सांगतो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

काका म्हणतात तो बोलण्याचा मुद्दा नुसता अनुभवाचा नाहीये, त्यावर काम झालेलं आहे. २००१ मध्ये यूटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी गाडी चालवण्यासारखं काम देऊन लोकांना फोनवर बोलायला लावलं. हातात धरलेला फोन आणि हँड्सफ्री यात काही फरक पडला नाही, दोन्हीत लोकांचे सिग्नल सारखेच चुकले. रेडिओ ऐकणाऱ्यांचं मात्र काही बिघडलं नाही. त्यांनी अजून एक गंमत करून बघितली, ऐकलेले शब्द नुसते मागे म्हणायला लावले तर फार फरक पडेना, पण स्वतः शब्द शोधून बोलायला लावलं की लगेच चालवणं बिघडायला लागलं. म्हणजे तोंड हलवण्याने काही होत नाही, पुढे काय बोलायचं हे शोधण्यात डोकं खर्च होतं. आणि व्लॉगमध्ये तर सगळं स्वतःलाच शोधायचं असतं, समोर कुणी प्रश्न विचारणारा पण नाही. एकच सोय आहे की फोनवरचा माणूस थांबत नाही, कॅमेऱ्याला तुम्ही हवं तेव्हा गप्प ठेवू शकता. पण नवीन माणसाला कधी गप्प बसायचं तेच कळत नसतं, कारण धोका येतोय हे त्याला उशिरा दिसतं.

त्यामुळे माझा सल्ला एकदम साधा आहे, कॅमेरा चालू कर आणि तोंड बंद ठेव, घरी येऊन व्हॉइसओव्हर कर. नवीन माणसासाठी तर हे जास्तच बरं कारण घरी बसून तू तेच फुटेज थांबवून, मागे घेऊन बघणार, आणि रस्त्यावर जे दिसलं नव्हतं ते तिथे दिसणार. अरे ही रिक्षा तर आधीच सरकायला लागली होती, मी का नाही बघितली? हे व्हॉइसओव्हरमध्ये बोल की, तोच व्हिडिओ भारी होईल. चालवताना बोललेल्या "ओ भाऊ बघून चालवा" पेक्षा कधीही.

आता एक गोष्ट जी बघणारे आणि बनवणारे दोघेही विसरतात. हे सगळे कॅमेरे वाइड अँगल असतात. वाइड लेन्समध्ये समोर मधोमध असलेली गाडी आहे त्यापेक्षा लांब आणि लहान दिसते, आणि कडेची झाडं, डिव्हायडर भसाभस मागे जातात. म्हणजे एकाच फ्रेममध्ये स्पीड जास्त वाटतो आणि अंतर पण जास्त वाटतं. मग नवीन माणूस व्हिडिओ बघून धरून चालतो की पुढच्या गाडीच्या मागे एवढं अंतर पुरतं, पण व्हिडिओत दिसतंय ते अंतर मुळात तेवढं नाहीच! दोन सेकंदांचं अंतर ठेवा म्हणतात ना, ते व्हिडिओत मोजायचं असेल तर रस्त्यावरचा एखादा खांब धरा, पुढची गाडी त्याच्या पुढून गेली की कॅमेरा तिथे पोचेपर्यंत आकडे मोजा. वेळ खोटा बोलत नाही, लेन्स बोलते. तसंच ते कॅमेऱ्यातल्या होरायझन लॉक सेटिंगचं. गाडी किती का झुकेना, चित्र आडवंच राहतं, त्यामुळे वळणं सोपी वाटतात. नवशिक्या व्लॉगरने ते बंदच ठेवावं असं मला वाटतं, निदान झुकणं दिसू तरी दे.

हाफक्लच

बापरे, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काका, पुढचा ब्रेक मोकळ्या जागेत रोज करतोय, खरंच.

व्हॉइसओव्हरची आयडिया आवडली पण एक शंका, त्यात ती मजा येईल का? म्हणजे लोकांना लाइव्ह रिअ‍ॅक्शन आवडते. नुसत्या इंजिनच्या आवाजावर मागून बोललं की डॉक्युमेंटरीसारखं होणार. आणि कॅमेरा कुठे लावू, वर की हनुवटीला?

चिकटपट्टी

लावण्याबद्दल मी सांगतो.

डोक्यावर उभा लावू नको. दिसायला डोक्यावर अँटेना असलेला टेलिटबी तर दिसतोसच, पण वारा पकडतो, हायवेला मान मागे ओढली जाते आणि प्रत्येक वेळी आरशाकडे मान वळवली की ते वजन उलट्या बाजूला खेचतं, संध्याकाळपर्यंत मानेचा पार भुगा. हनुवटीला लावला की नजर जिथे जाते तिथे कॅमेरा जातो, हँडल आणि हात फ्रेममध्ये येतात, आणि नवशिक्याच्या व्हिडिओत हातच बघायचे असतात, वर ताईंनी सांगितलंच आहे.

हेल्मेटला भोक पाडायचं नाही. स्क्रू नाही, काही नाही. लोक करतात, मी बघितलंय. हेल्मेट बाहेरून गोल आणि गुळगुळीत ठेवण्यामागे कारण आहे, पडल्यावर ते रस्त्यावरून घसरत जायला हवं, कशात अडकून मान पिरगळायला नको. आता युरोपातल्या ईसीई २२.०६ या स्टँडर्डमध्ये तर तिरक्या आघातात डोकं किती फिरतं याची वेगळी टेस्ट घेतात, इतकं ते महत्त्वाचं मानलंय. म्हणून चिकटवायचा माउंट, तो पण असा की जोरात आपटला तर निघून यावा. थिनर-पेट्रोलने पुसून चिकटवू नको, पॉलीकार्बोनेटच्या शेलला त्याने नकळत तडे जातात, साध्या साबणाच्या पाण्याने पुस, नीट वाळू दे, चिकटवल्यावर एक दिवस हात लावू नको. आणि वर एक बारीक दोरी बांध, नाहीतर कॅमेरा सुटून मागच्याच्या चाकाखाली जायचा.

काही ठिकाणी हेल्मेटवर काही लावायलाच नियमाने बंदी असते, तुझ्याकडे काय आहे ते आधी बघ. नसेल चालत तर छातीला पट्टा बांधून लाव, त्यात मान वळलेली दिसत नाही एवढाच तोटा, वर टाकी आणि स्पीडोमीटर मस्त येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेकॉर्डिंग निघायच्या आधी चालू कर आणि थांबल्यावर बंद कर. चालत्या गाडीवर "लाइट लुकलुकतोय का" म्हणून हात वर नेणारे बघितले की मला घाम फुटतो. हनुवटीवरचा लाइट तुला तसाही दिसणार नाही.

@बिनघाईचा कॅमेरा कुठलाही घे, आधी चांगले ग्लोव्हज घे.

पाचवा_गिअर

माझं मत थोडं वेगळंय. कॅमेरा, माउंट, बोलणं हे सगळं सांभाळता येतं. खरी गडबड अपलोड केल्यानंतर सुरू होते.

कॅमेरा लावला की मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसल्यासारखं होतं, आणि ते कुणीतरी कधीच म्हणत नाही की जरा हळू घे. पहिले दोन-चार व्हिडिओ आपले शांत असतात, व्ह्यूज पण तसेच. मग एखाद्यात काहीतरी थोडक्यात वाचतं आणि त्यालाच बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त लोक बघतात. आता तुला कळलं की लोकांना काय हवंय. मुद्दाम कुणी धोका पत्करत नाही रे, पण पिवळा सिग्नल दिसला की थांबायचं की काढायचं यात मन हळूच काढायच्या बाजूला झुकतं, एवढंच पुरतं. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास वॉच टाइम लागतो (किंवा शॉर्ट्सचे ९० दिवसात १ कोटी व्ह्यूज), तिथपर्यंत साध्या ऑफिसला जाण्यायेण्याच्या व्हिडिओंवर पोचणं महाकठीण, मग माणूस मसाला शोधायला लागतो.

दुसरं म्हणजे चूक कुणाची हे ठरवायची घाई. परवाच एक बघितला, नाव होतं "ट्रकवाल्याने मारलंच असतं", थंबनेलवर लाल बाण. नवीन पोरगा आहे, चांगला बोलतो, बोलता बोलता ट्रकच्या मागच्या चाकांच्या शेजारी येऊन तिथेच ट्रकच्या स्पीडने चालतोय. विषय काय तर सायलेन्सर बदलावा का. ट्रकचा इंडिकेटर लागतो, फ्रेमच्या कोपऱ्यात स्वच्छ दिसतोय, पाच-सहा वेळा लुकलुकतो, हा आपला सायलेन्सरवरच. ट्रक सरकतो, हा ब्रेक, हॉर्न, शिव्या. मग चित्र थांबवून दाखवतो की बघा कसा आला अंगावर. पण त्याच थांबवलेल्या चित्रात ट्रकचा आरसा दिसतोय आणि त्यात ड्रायव्हरचा चेहरा नाहीये! आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तू दिसत नाहीस, इतकं साधं आहे ते. खाली कॉमेंट काय, "भावा काय कंट्रोल आहे तुझा", "ट्रकवाल्यांना अक्कलच नाही". एक-दोघांनी आरशाचं लिहिलं होतं, त्यांना बाकीच्यांनी धुऊन काढलं. आता हा पोरगा काय शिकला? की आपला कंट्रोल जबरदस्त आहे. पुढच्या वेळी परत त्याच जागी जाऊन चालवणार.

कॅमेरा नसता तर हा घरी जाऊन घाबरून बसला असता, दोन दिवस विचार केला असता की तो आला कुठून, आणि कदाचित उत्तर सापडलं असतं. इथे उत्तर शोधायच्या आधीच टाळ्या मिळाल्या.

आणि हो, रेकॉर्ड झालेलं तुझ्या बाजूने जसं जातं तसं तुझ्या विरोधात पण जातं. स्क्रीनवर जीपीएसचा स्पीड टाकून लिमिटच्या वर चालवलेलं लोक स्वतःच अपलोड करतात, पुराव्याला दुसरं काय लागतं.

ती_चालवते

@पाचवा_गिअर कॉमेंटचं शंभर टक्के पटलं. फक्त यात एक भर घालते, बायकांच्या व्हिडिओखाली उलटं होतं. टाळ्या नाही, नुसते सल्ले. गाडी एकदा बंद पडली की "मॅडम स्कूटर घ्या". त्या चढावाच्या व्हिडिओखाली पण होते असले, पण त्यातच एकाने फार छान लिहिलं होतं की मागचा ब्रेक वापरलास ते बरोबर, आता सिग्नल सुटायच्या आधीच क्लच ओढून पहिला गिअर टाकून तयार राहा. म्हणजे चांगले लोक पण असतात. नवशिक्यासाठी मी म्हणेन अपलोड कर पण काही दिवस कॉमेंट बंद ठेव, किंवा व्हिडिओ अनलिस्टेड ठेवून ओळखीच्या दोन मुरलेल्या लोकांना लिंक दे. ते सांगतील काय चुकतंय ते, आणि भावा-भावा पण करणार नाहीत.

सायलेन्सर_काका

हे अनलिस्टेडचं मला चालेल. मी सुरुवातीला नाही म्हणालो ते बोलण्याला आणि दाखवण्याला, रेकॉर्ड करायला माझी ना नाही. उलट मला कुणी आपलं फुटेज पाठवलं तर मी आवडीने बघतो, शिकवायला त्यासारखं काही नाही. एकाची मान बघून सांगितलं होतं मी, तू वळणावर पुढच्या चाकासमोर बघतोस, वळण जिथे संपतं तिथे बघ, गाडी नजरेच्या मागे जाते. समोरासमोर उभं राहून सांगून त्याला पटत नव्हतं, म्हणे मी बघतोच की लांब. हेल्मेटवरचा कॅमेरा दाखवल्यावर गप्प बसला.

मात्र दुसऱ्यांचे चेहरे आणि नंबर प्लेट ब्लर करत जा रे बाबांनो. तो ट्रकवाला आपलं काम करत होता, त्याला हजारो लोकांनी शिव्या घालायचं काही कारण नव्हतं.

बिनघाईचा

ग्लोव्हज आहेत ओ, कॅमेरा सांगा.

आवाज_कमी

@हाफक्लच लाइव्ह रिअ‍ॅक्शनचं म्हणशील तर गाडी बाजूला लावून बोल ना. पाच मिनिटांपूर्वी जे झालं ते थांबून सांगितलं की आवाजात ती धाप, ती मजा असतेच, आणि मागे इंजिनचा आवाज नसल्याने शब्द पण स्वच्छ येतात. मग तो तुकडा रस्त्याच्या चित्रावर टाक. मी ज्यांचे व्हिडिओ एडिट केलेत त्यातले दोघं असंच करायचे आणि बघणाऱ्यांना कधी कळलं पण नाही. फक्त बाजूला म्हणजे खरंच बाजूला, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर पाय टेकवून नाही, आणि वळणाच्या तोंडाशी तर अजिबात नाही.

माइक हेल्मेटच्या आत हनुवटीच्या पॅडिंगमागे लाव, तोंडाच्या अगदी समोर नको, जरा बाजूला, नाहीतर श्वासाचे धप धप आवाज येतात. वर स्पंजची टोपी. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, त्यामुळे चालताना बोललेलं तसंही अर्धं वाया जातं, आणि कानाला पण ते बरं नाही, लांब जाणार असशील तर इअरप्लग घाल. इअरप्लग घातल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो म्हणून माणूस हळू बोलतो आणि रेकॉर्डिंग अजून खराब, हे आणखी एक कारण न बोलण्याचं.

हाफक्लच

ओके, मग ठरलं असं समजा. हनुवटीला माउंट, निघायच्या आधी चालू, चालताना तोंड बंद, थांबून बोलायचं. पहिले काही व्हिडिओ अनलिस्टेड ठेवून दादाला आणि इथे ज्यांना बघायचे असतील त्यांना लिंक देतो. काका, तुम्ही बघाल ना? "ट्रिक्स" हा शब्द नावात टाकणार नाही, शप्पथ.

दादाला हा सगळा थ्रेड दाखवला, तर तो म्हणाला ट्रकच्या आरशाचं मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असेल, तेव्हा माझं सगळं लक्ष क्लचवर होतं.

सायलेन्सर_काका

पाठव. न कापता पाठव, गप्प तुकड्यांसकट. आणि नुसता हायवे पाठवू नको, तिथे काही कळत नाही. गर्दीतला पाठव, यू-टर्नचा पाठव.

चिकटपट्टी

यू-टर्न पाठवणार असशील तर कॅमेरा बोटभर वर झुकव, हनुवटीचा माउंट मान पूर्ण वळवली की खांदाच शूट करतो. निघायच्या आधी गाडीवर बसून दोन्हीकडे मान वळवून एक टेस्ट क्लिप काढून बघ.

@बिनघाईचा रात्रीचं शूट करणार की फक्त दिवसाचं? त्यावर ठरेल.